बेडका आणि शौचाच्या कल्चरसाठी स्क्रू-झाकणाची डबी

फुप्फुसातल्या किंवा आतड्यातल्या जिवाणूसंसर्गाच्या कल्चरचा (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट अनेकदा नमुन्यापाशीच फसतो. ही ५० मिलीची, रुंद तोंडाची निर्जंतुक डबी बेडक्यासाठी उत्तम. झाकणाचे आटे पक्के आहेत, आडवी झाली तरी गळत नाही. पारदर्शक असल्याने घट्ट, पिवळट बेडका आलाय की नुसती फेसाळ लाळ, ते लगेच दिसतं. लाळ असेल तर प्रयोगशाळा नमुना परत पाठवते, आणि ते योग्यच. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून २ ते ५ मिली काढा. शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. रुग्ण गंभीर असेल तर मात्र नमुन्यासाठी औषध अडवू नका. दोन तासांत पोचणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये.

शौचासाठी अर्धेच गुण. झाकणाला जोडलेला चमचा सोयीचा, पण आत जिवाणू जिवंत ठेवणारं कुठलंही माध्यम नाही. आव-रक्ताचे जुलाब घडवणारा ‘शिगेला’ हा जिवाणू शरीराबाहेर फार लवकर मरतो. उशीर होणार असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळीच मागा. रक्त किंवा आव असलेला भाग घ्या, लघवी मिसळू देऊ नका.

लेबलची जागा झाकणावर, ही ढोबळ चूक. झाकणं अदलाबदल होतात. नाव डबीच्या अंगावरच लिहा.