पहिली जुनी रायफल: मोसीन घ्यावी की थ्री नॉट थ्री?

इकडे ओहायोत आल्यावर जुन्या लष्करी रायफलींचा नाद लागला, आता ओळखीतले दोघं-तिघं विचारतात की पहिली कुठली घेऊ, रशियन मोसीन-नागांत की ब्रिटिश ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे सांगतो, बाकी तुमची मर्जी.

मोसीन मी 2012 ला घेतली, तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास मिळायची आणि 440 गोळ्यांचा सीलबंद सोव्हिएत डबापण परवडायचा. माझी 91/30 मॉडेलची आहे, 1942 ची, रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्यातली. युद्धाच्या घाईत पॉलिशला वेळ कुणाला, रिसीव्हरवर (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) मशीनचे चरे तसेच दिसतात, ते मला फार आवडतं. पण युद्धानंतर डेपोत उघडून, सुटे भाग जुळवून नंबर परत ठोकलेत, तेव्हा "सगळे नंबर जुळतात" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

आता माझं डोकं फिरवलं ती गोष्ट. त्या स्वस्त गोळ्यांच्या प्रायमरमुळे (गोळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नळीत मीठ बसतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि गंज चढतो. नुसत्या तेलाने जात नाही, पाणीच लागतं. म्हणजे रेंजवरून दमून या, आंघोळ नंतर, आधी किटलीभर गरम पाणी नळीतून ओता, पुसा, सुकवा, मग तेल. एकदा जुलैत कंटाळा केला, म्हटलं सकाळी बघू, सकाळी नळीत भगवी झाक! तेव्हापासून घरात दोन किटल्या आहेत, चहाची आणि मोसीनची, आणि त्यावरून ऐकावं लागतं ते वेगळंच. नव्या गोळ्या वापरल्या तर हे लफडं नाही, मान्य, पण मग स्वस्ताई राहिली कुठे, त्यात 2021 पासून अमेरिकेने रशियन गोळ्यांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलंय.

ली-एनफिल्ड मी इशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी कारखान्यातली घेतली. लहानपणी ट्रेझरीच्या दारात हवालदाराच्या खांद्यावर पाहिलेली तीच थ्री नॉट थ्री, त्यामुळे मी थोडा पक्षपाती असेन. गोळ्या महाग आहेत, आणि भरताना वरच्या गोळीच्या बुडाची कड खालचीच्या मागे गेली की अडकते. पण दहा गोळ्या बसतात, आणि बोल्ट (गोळी आत ढकलणारा मागचा दांडा) बंद करताना स्प्रिंग ताणली जात असल्याने उघडताना जोर लागत नाही, खांद्यावरून न काढता पुढची गोळी आत. मोसीनचा बोल्ट कधीकधी तळहाताने ठोकावा लागतो, निदान माझ्या तरी.

बजेट खरंच तंग असेल आणि कुणी ओळखीचा मोसीन स्वस्तात देत असेल तर घ्या, वाईट नाही. नाहीतर मी थोडं थांबून एनफिल्डच बघेन. फक्त बोल्टचा नंबर रिसीव्हरशी जुळतोय का बघा, डीपी (ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी) असा शिक्का किंवा पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती भिंतीवर लावायची, चालवायची नाही. आणि टॉर्च न्या, नळीत आतून बघायला.