फुलावरून मुलीचं नाव शोधायला नावांचं ॲप वापरलं, त्याचा अनुभव

मुलगी झाली तर नाव फुलाचंच, हे आमचं दोघांचं आधीपासून ठरलेलं. फक्त सायली, प्राजक्ता, केतकी नको होतं, नावं गोडच आहेत पण आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात एखादी तरी असायचीच. म्हणून बाळांच्या नावांचं एक ॲप घेतलं, पैसे भरून, म्हणजे जाहिराती बंद होतात आणि 'दुर्मिळ नावं' हा फिल्टर उघडतो. तीनेक महिने जवळजवळ रोज रात्री वापरलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी चांगलं सांगते. दोघांच्या फोनवर एकच यादी चालते, मला आवडलेलं नाव त्याला लगेच दिसतं आणि दोघांनी हार्ट दिलेली नावं आपोआप वेगळी होतात. नावावरून आमच्यात एकदाही भांडण झालं नाही याचं बरंचसं श्रेय याच सोयीला. सर्च फास्ट आहे, नाव मराठीत टाइप केलं तरी सापडतं.

आता अडचण. फुलांच्या यादीत जवळजवळ प्रत्येक नावापुढे अर्थ काय, तर 'एक सुंदर फूल'. अहो पण कुठलं? आम्हाला तेच तर हवं होतं. उद्या मुलीने विचारलं माझं फूल दाखव तर झाडापाशी नेऊन दाखवता आलं पाहिजे. आणि जिथे अर्थ दिलाय तिथेही चुका आहेत. पल्लवी आणि पर्णिका फुलांच्या यादीत होत्या, आता पल्लव म्हणजे कोवळी पालवी आणि पर्ण म्हणजे पान, यात फूल आलं कुठून? मृणालचा अर्थ 'कमळ' दिलाय, खरं तर मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्यातला तंतू. अर्थ वाईट नाहीच, पण कुणी चुकीच्या समजुतीत नाव ठेवलं तर वाईट वाटेल ना. दुर्मिळ फिल्टरमध्ये तर चक्क सायली होती.

सगळ्यात मोठी उणीव मला वाटली ती ही, की एकाच फुलाची वेगवेगळी नावं ॲप एकमेकांना जोडत नाही. हे कळलं ते असं. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून 'य' अक्षर काढून बसले होते, त्यात यूथिका दिसलं, अर्थ 'समूह'. पुढे ढकलणारच होते पण उच्चार कानाला इतका आवडला की संस्कृत शब्दकोश उघडला, तर यूथिका म्हणजे जुई! यूथ म्हणजे समूह हे बरोबरच, आणि जुईही झुबक्यांनीच फुलते. आपला जुई हा शब्दच मुळात यूथिकावरून घासत घासत आलाय, हिंदीतली जूहीसुद्धा तिथूनच. मी ह्याला उठवून सांगितलं, अर्धवट झोपेत म्हणाला हेच ठेवू. ॲपमध्ये 'जुई' टाकून बघितलं तर यूथिका येतच नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने शोधायला लागलो, म्हणजे ओळखीचं फूल घ्यायचं आणि त्याचं जुनं नाव कोशात बघायचं. यातून जे मिळालं ते ॲपच्या तीन महिन्यांत मिळालं नव्हतं. पारिजातकाची शेफालिका, मोगऱ्याची मल्लिका (मोगरा शब्दाचं मूळ मुद्गर आहे, तिथून नाव काढायला जाऊ नका), नीलकमळाचं इंदीवर त्यावरून इंदीवरा, जवसाच्या निळ्या फुलाची अतसी. आणि नेवाळी! नवमालिकावरून आलेला अस्सल मराठी शब्द, नाव म्हणून मी कुणाचंच ऐकलेलं नाही आणि ॲपमध्ये तर नव्हतंच. बकुळही शेवटपर्यंत यादीत होतं, कारण बकुळीचं फूल सुकलं तरी वास सोडत नाही, मुलीच्या नावात एवढा अर्थ असेल तर अजून काय पाहिजे. अबोली मला रंगासाठी आवडायचं पण ह्याला 'न बोलणारी' हा अर्थ खटकला.

परदेशी फुलांचा विभागही आहे, तिथे जरा जपून. डेलिया, कॅमेलिया, मॅग्नोलिया, झिनिया ही फुलांची नावं वनस्पती अभ्यासणाऱ्या पुरुषांच्या आडनावांवरून पडलीत, डाल, कामेल, मान्योल, झिन. ॲप हे कुठेच सांगत नाही. ज्यांना चालतं त्यांनी जरूर ठेवावं, आम्हाला नको वाटलं. त्यापेक्षा नीलोफर कितीतरी जवळचं, फारसी शब्द आहे पण नातं थेट आपल्या नीलोत्पलाशी.

उच्चार ऐकवायचं बटण आहे त्यावर अजिबात विसंबू नका, यूथिकाचं त्याने 'युटिका' केलं. त्यापेक्षा स्वतः हाक मारून बघा, दुसऱ्या खोलीतून, जोरात, दहा वेळा. अतसी आमच्याकडे इथेच गळलं, लांबून 'अशी' ऐकू यायचं. इंदीवरा हाक मारताना प्रत्येक वेळी तुटत होतं. इंग्रजी स्पेलिंगही आधीच लिहून बघा, यूथिकाचं वाचून लोक युतिका म्हणतात हे आम्ही चुलत बहिणीला वाचायला देऊन आधीच तपासलं, तरी ठेवायचं ठरवलं.

चुकीच्या अर्थांबद्दल ॲपवाल्यांना मेल केला होता. आठवड्याने पल्लवी फुलांच्या यादीतून काढली, मृणाल मात्र अजून कमळच आहे.

5 पैकी 3 स्टार. दोघांनी मिळून यादी करायला घ्या, अर्थासाठी शब्दकोश शेजारी उघडा ठेवा.

यूथिका आता चार महिन्यांची आहे. आजी तिला पहिल्या दिवसापासून जुईच म्हणते, आणि ती मान वळवते.