कूलरवाल्याची डेंग्यूतली सर्व्हिस (जळगाव)

पिंप्राळ्यातलं कूलर रिपेअरचं छोटं दुकान आहे, त्याबद्दल लिहितोय. मे मधे ४५ डिग्रीत कूलर बिघडला की सगळेच पळतात त्याच्याकडे, पण खरं काम त्याने पावसाळ्यात केलं. आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघाले तसा त्याने स्वतःहून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावला, "भाऊ कूलर बंद केला पण टाकीतलं पाणी काढलं का?" आम्ही काढलंच नव्हतं! पोरगा पाठवला त्याने, पाणी ओतलं तर बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, अंगावर काटाच आला. वाटलं झालं काम, पण तो टाकीची आतली कड ब्रशने घासत बसला, म्हणे या डासाची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, परत पाणी लागलं की आठ-दहा दिवसात डास तयार. ओली खस पण काढून उन्हात टाकली. एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या कूलरच्या कंपनीला आम्ही फोन केला तर फक्त वॉरंटी विचारली. पोरगा दोन दिवस उशिरा आला एवढीच तक्रार, तेव्हा दिवस महत्त्वाचे होते. तरी पाच स्टार.