घरच्या गॅरेजमधला पिट: वर्षभराच्या वापरानंतर

पिट म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायला जमिनीत खणलेला खड्डा. आधी निकाल सांगतो. ऑइल बदलणं, सायलेन्सरचे क्लॅम्प, गिअरबॉक्सचं ऑइल, खालचा गंज तपासणं, या कामांसाठी पिटसारखं सुख नाही. ड्रेन नट डोळ्यांसमोर येतो आणि पान्ह्याला उभ्यानं, दोन्ही हातांनी जोर देता येतो. ब्रेक, टायर, सस्पेन्शनला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. चाकं जमिनीवर टेकलेलीच राहतात, म्हणून जॅक आणि स्टँड अजून वापरात आहेत. फक्त जॅक पिटच्या काठाला चिकटून लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

रुंदी 80 सेंमी ठेवली. गाडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना वीसेक सेंमी मोकळे. काठाला लोखंडी अँगलची उभी कड आहे, तीच चाकाला अडवते. लांबी गाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर गाडी वर असताना पायऱ्या झाकल्या जातात आणि आत अडकायला होतं. खोली आपल्या उंचीवरून ठरवा: माझी उंची 170 सेंमी, गाडीचं पोट जमिनीपासून 17, पिट 160. सात सेंमी जास्तच आहेत, पण फळ्यांचा पाट टाकून खोली कमी करता येते. वाढवता येत नाही.

पाण्याचं कौतुक सगळे करतात, म्हणजे भीती घालतात, आणि ती खरी आहे. भूजल वर आलं की रिकाम्या खड्ड्याला ते खालून ढकलतं. विटांचं बांधकाम आणि गिलावा तिथे टिकत नाही. तळ आणि भिंती सळईच्या काँक्रीटच्या, सांध्यात वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), कोपऱ्यात छोटा सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा खळगा. माझ्याकडे गळती नाही, तरी दमट हवेत भिंतींना घाम येतो आणि खाली ठेवलेली हत्यारं गंजतात. सम्पमधलं पाणी तेलकट असतं, ते गटारात सोडू नका.

खरा धोका हवेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, एलपीजीही जड. दोन्ही तळाशी साचतात. (सीएनजी हलका, तो छताकडे जातो.) म्हणून तळापासून बाहेर जाणारा पाइप घातलाय, पंख्याची मोटर बाहेर. इंधनाच्या टाकीचं, फिल्टरचं काम पिटवर करत नाही, इंजिनही चालू ठेवत नाही. दिवे 12 व्होल्टचे, सीलबंद. लोक 12 व्होल्ट म्हटलं की निर्धास्त होतात. त्यानं शॉकचा धोका टळतो, ठिणगीचा नाही.

झाकणाला खाचेत बसणाऱ्या लाकडी फळ्या वापरतो. ओल धरून फुगतात, उचलताना वैताग येतो, पण चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) एकट्यानं हलत नाही. पाण्याची पातळी वर असेल किंवा घराचा पाया लगत असेल, तर खोदूच नका, गाडी वर चढवायचे रॅम्प घ्या. मधली परिस्थिती असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच काम काढा.