स्लॉट टूर्नामेंट आवडली, री-बाय नाही
न्यू जर्सीत ऑनलाइन कसिनो २०१३ पासून कायदेशीर आहे, वय मात्र २१ पूर्ण हवं. मी एडिसनला राहते. साध्या स्लॉटपेक्षा, म्हणजे चित्रांची चक्रं फिरवायच्या खेळापेक्षा, मला त्याची टूर्नामेंट आवडते, कारण प्रवेश फी भरली की खर्च तिथेच संपतो. सगळ्यांना चक्रं फिरवायला सारखे क्रेडिट (खेळातले आभासी पैसे), सारखा वेळ. उरलेल्या क्रेडिटला किंमत शून्य, मोजतात ते जिंकलेले गुण. म्हणून घड्याळ संपायच्या आत सगळे फिरवून टाकायचे. शेवटच्या मिनिटाला गुणतक्त्यावर नावं भराभर खालीवर होतात, तेव्हा अक्षरशः छाती धडधडते!

खटकतं ते काही टूर्नामेंटमधलं ‘री-बाय’. पुन्हा पैसे भरा, पुन्हा खेळा. मग ज्याचा खिसा मोठा, त्याला संधी जास्त. हे बरोबर नाही. फुकट प्रवेशाच्या फेऱ्या जरूर खेळा. बक्षीस रोख की बोनस (कसिनोत खेळण्यासाठीच दिलेले पैसे), तेवढं आधी बघा.