उसनी शस्त्रे: ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’, सात महिन्यांच्या वापरानंतर

अंतराळातल्या युद्धकथेचा हा संगणकीय खेळ मी भाच्याच्या आग्रहाखातर घेतला. “मामा, तुम्ही बंदुका चालवू नका, नुसते वाचा,” असे त्याने सांगितले होते आणि ते बऱ्याच अंशी खरे ठरले. २००७, २०१० आणि २०१२ साली आलेले तीन खेळ सुधारून १४ मे २०२१ रोजी एकत्र प्रसिद्ध झाले, तो हा संच. सात महिन्यांत मी तिन्ही भाग एकदा पूर्ण केले असून दुसरी फेरी तिसऱ्या भागापर्यंत आणली आहे. मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवतो. त्यामुळे या विश्वातली शस्त्रे आणि यंत्रे कितपत पटतात, आणि ती परग्रहवासीयांच्या संगतीने कशी घडली आहेत, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

येथील सारे तंत्रज्ञान एका कल्पित पदार्थावर उभे आहे. एलिमेंट झीरो नावाच्या या पदार्थातून वीजप्रवाह सोडला की भोवतीच्या क्षेत्रातील वस्तूंचे वस्तुमान घटते किंवा वाढते, आणि ते प्रवाहाच्या दिशेवर ठरते. ऊर्जेचा हिशेब येथे जुळत नाही हे कोणताही विद्यार्थी सांगेल. परंतु लेखकांनी ही एक सवलत मागून घेतली आणि पुढचे बहुतेक सारे तिच्यातूनच निष्ठेने काढले, याचे मला कौतुक वाटते. बंदुकीत काडतुसे नसतात, धातूचा एक ठोकळा असतो. दर वेळी त्याचा वाळूच्या कणाएवढा तुकडा खरवडला जातो, त्याचे वस्तुमान घटवले जाते आणि तो प्रचंड वेगाने फेकला जातो. एका ठोकळ्यात हजारो गोळ्या निघतात, म्हणून दारूगोळा संपण्याची चिंता उरत नाही. खरी मर्यादा उष्णतेची असते. सलग मारा केला की बंदूक तापून बंद पडते आणि ती निवेपर्यंत आडोशाला थांबावे लागते. पहिल्या भागातील ही रचना मला संपूर्ण संचातील सर्वांत प्रामाणिक अभियांत्रिकी वाटली. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा माझा लॅपटॉपही नेमका त्याच कारणाने बंद पडत होता, आणि पंख्यातली धूळ काढून नवी थर्मल पेस्ट लावेपर्यंत पडद्यावरची बंदूक आणि मांडीवरचे यंत्र दोघेही आळीपाळीने थांबत होते.

दुसऱ्या भागात मात्र हे मोडले आहे. आता प्रत्येक बंदुकीला उष्णता शोषणाऱ्या क्लिपा लागतात, त्या संपल्या की बंदूक निरुपयोगी होते. खुलासा असा की गेथ या यंत्रजातीशी झालेल्या लढाईतून धडा घेऊन सर्वांनी ही पद्धत स्वीकारली, कारण जो कमी वेळात अधिक गोळ्या झाडतो तो जिंकतो. तर्क वाईट नाही, पण ज्या बंदुकीला एरवी आपोआप निवता येत होते तिला क्लिप संपल्यावर ते का जमू नये, याचे उत्तर मिळत नाही. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे दहा वर्षांपूर्वी एका निर्जन ग्रहावर कोसळलेल्या जहाजाच्या परिसरातही याच क्लिपा सापडतात, म्हणजे शोध लागण्याच्या कितीतरी आधी. खेळणाऱ्याला धावपळ करावी लागावी म्हणून विश्वाचा नियम वाकवला गेला, असेच म्हणावे लागते.

संरक्षक कवचाबाबत असा घोटाळा नाही. ते विशिष्ट वेगापेक्षा जलद येणारी वस्तूच परतवते, म्हणून सैनिकाला खुर्चीवर बसता येते. उष्णता, विष किंवा किरणोत्सार ते अडवत नाही. एल्कोर या हत्तीएवढ्या शांत परग्रहवासीयांना हातात बंदूक धरणे जमत नाही, तर ते रणगाड्यावर शोभावी अशी शस्त्रे खांद्यावर वाहतात. शरीर बदलले की हत्यार बदलते, ही जाण फार थोड्या विज्ञानकथांत दिसते.

युद्धनौकांविषयी एक प्रसंग मी वर्गातही सांगितला. दुसऱ्या भागात एक सैनिकी अधिकारी दोन नवशिक्यांना दटावत असतो की, महाकाय नौकेची तोफ २० किलोंचा गोळा प्रकाशाच्या वेगाच्या १.३ टक्के वेगाने फेकते आणि त्याचा आघात ३८ किलोटनांचा असतो; तेव्हा नेम चुकला तरी तो गोळा कोठेतरी, कधीतरी कोणाला तरी लागणारच. मुलांना गणित करायला दिले. वेग सेकंदाला सुमारे ३,९०० किलोमीटर आणि ऊर्जा ३६ किलोटनांच्या आसपास येते, म्हणजे हिरोशिमाच्या बाँबच्या दुपटीहून जास्त. खेळाचा आकडा थोडा फुगीर आहे, पण चुकीचा म्हणता येणार नाही. अशा नौका कोणी किती बाळगाव्यात यावर खेळातल्या एका तहाने मर्यादा घातली असून ट्युरियन ही लढवय्यी जात, आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेतील इतर जाती आणि बाकीचे यांचे प्रमाण ५:३:१ असे आहे. १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल तहातील ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांचे ५:५:३ हे प्रमाण येथे आठवावे. मानव उशिरा आले, त्यांच्या वाट्याला थोड्या नौका आल्या, म्हणून त्यांनी तहात न बसणाऱ्या विमानवाहू नौकांवर भर दिला.

ज्यांना कथा स्वतः अनुभवायची आहे त्यांनी पुढचा आणि शेवटचा परिच्छेद वगळावा.

या विश्वात जवळजवळ कोणाचेच तंत्रज्ञान स्वतःचे नाही. मानवाला २१४८ साली मंगळावर दुसऱ्या कोणाचे तरी अवशेष सापडतात आणि तो ताऱ्यांकडे जातो. क्रोगन या दणकट जातीला सॅलॅरियन ही दुसरी जात वर उचलते ती केवळ रॅक्नी या तिसऱ्या जातीशी लढवण्यासाठी, आणि पुढे क्रोगन आवरेनासे झाल्यावर त्यांच्यावर जीनोफेज हा जनुकीय आजार सोडला जातो, ज्यामुळे हजारांत एखादेच मूल जगते. ताऱ्यांमधल्या प्रवासासाठी सर्वांना जोडणारी महाद्वारेसुद्धा ज्यांनी बांधली त्यांनी ती इतरांनी ठरावीक वाटेनेच वाढावे म्हणून ठेवलेली आहेत. मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहतो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली, त्यावरून या वस्तीला हे नाव मिळाले. त्यामुळे उसन्या शस्त्रांची ही गोष्ट मला परकी वाटली नाही. महादजींनी १७८४ मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतले, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तोफा ओतल्या, आणि उत्तर हिंदुस्थानात त्या फौजेला तोड राहिली नाही. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्या फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ आणि बरेच युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. असईच्या लढाईत तोफा जागच्या जागी होत्या, गोलंदाजही शेवटपर्यंत लढले; पण वरच्या शिकवणाऱ्या माणसांपैकी बरीच निघून गेली होती. क्रोगन सरदार ‘आम्हाला हत्यारे दिली, शाळा दिली नाही’ अशा अर्थाची तक्रार करू लागतात तेव्हा मी बाड्यावरून, म्हणजे येथल्या बाजारचौकातून, घरी येताना ऐकलेले किस्से आठवत असतो.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. १२० जीबी जागा लागते. संहितेतील, म्हणजे खेळातल्या माहितीकोशातील, मुख्य नोंदी वाचून दाखवल्या जातात, दुय्यम नोंदी मात्र बारीक अक्षरांत स्वतःच वाचाव्या लागतात, आणि उत्तम माहिती बहुधा तेथेच दडलेली असते. पहिल्या भागातील सामानाची यादी आवरणे हे स्वतंत्र काम आहे.

तिसऱ्या भागात जीनोफेजचा इलाज पूर्ण होऊ द्यायचा की गुपचूप निकामी करायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. भाच्याने तो होऊ दिला. मी पहिल्या फेरीत तो निकामी केला आणि कारणे वहीत लिहून ठेवली. दुसऱ्या फेरीत, हा निर्णय जेथे घ्यायचा त्या मनोऱ्याच्या अलीकडची नोंद जतन करून तीन आठवडे झाले, आणि ती मी अजून उघडलेली नाही.