हॅमर एडिटर: गिरगावातली एक चाळ आणि ३२७ तास

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांच्या लढाईचा संगणक-खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येते की आपल्या ओळखीच्या जागेचा एक मॅप, म्हणजे खेळाचे मैदान, असावा, आणि मग तो पहिला प्रश्न विचारतो की याला वेळ किती लागेल. या प्रश्नाला ‘एक रविवार पुरे’ येथपासून ‘दोन वर्षे धर’ येथपर्यंत सर्व प्रकारची उत्तरे मिळतात, आणि उत्तर देणाऱ्याने वेळ मोजलेला असतोच असे नाही. म्हणून जून २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात काउंटर-स्ट्राइक २ सोबत मिळणाऱ्या हॅमर एडिटर या मॅप बनवण्याच्या साधनात एक मॅप बनवताना मी प्रत्येक बैठकीचे तास वहीत लिहून ठेवले. त्यांची बेरीज ३२७ झाली. हे तास कोठे गेले आणि त्यातले किती हॅमरने वाचवले, यावर हा अभिप्राय आधारलेला आहे.

हॅमर हे नवे साधन नाही. १९९६ साली बेन मॉरिस यांनी क्वेक या खेळासाठी वर्ल्डक्राफ्ट नावाचा संपादक लिहिला, तो पुढे काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व्ह कंपनीने घेतला आणि त्याचेच नाव हॅमर झाले. डेव्ह जॉन्स्टन यांचा १९९९ चा डस्ट आणि २००१ चा डस्ट २ हे मॅप या परंपरेतले आहेत, आणि डस्ट २ आजही मुंबईतल्या कोणत्याही गेमिंग कॅफेत कोणत्या ना कोणत्या पडद्यावर दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ बरोबर या खेळासाठी सोर्स २ इंजिनावरचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या खेळांच्या नव्या मूळ प्रणालीवरचा, हॅमर खुला झाला. खेळ फुकट आहे, हे साधनही फुकट आहे, मात्र ते फक्त विंडोजवर चालते.

जुना हॅमर ज्यांनी वापरला आहे त्यांना या नव्या रूपाचे मोल अधिक कळेल. पूर्वी सगळी रचना ठोकळे जोडून करावी लागे, आणि मॅप चारही बाजूंनी, वरून आणि खालून हवाबंद डब्यासारखा बंद नसला, एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, तरी ‘लीक’ दाखवला जाई आणि ती फट शोधण्यात संध्याकाळ संपून जाई. सोर्स २ मध्ये ही हवाबंदीची अट उरलेली नाही. ठोकळ्यांऐवजी मेश आले आहेत, म्हणजे भिंतीची कड धरून ओढता येते, एका पृष्ठभागातून खिडकी कापता येते, जिना वाकवता येतो. नुसत्या या एका बदलामुळे माझे किमान पन्नास तास वाचले असावेत असे मी जबाबदारीने म्हणतो, कारण २०१६ च्या सुमारास जुन्या हॅमरमध्ये मी अर्धवट सोडलेला मॅप अजून माझ्याकडे आहे.

मॅपसाठी मी गिरगावातली आमची जुनी चाळ निवडली. मधोमध चौक, भोवती तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी, टोकाला सार्वजनिक संडास आणि मागे जेमतेम एक हातगाडी जाईल असा बोळ. या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात, एक ठरलेल्या दोनपैकी एका जागी बॉम्ब ठेवू पाहतो आणि दुसरा त्याला रोखतो किंवा बॉम्ब निकामी करतो. बॉम्ब ठेवण्याची पहिली जागा चौक आणि दुसरी जागा तळमजल्यावरचा बंद पडलेला छापखाना. कागदावरच्या आराखड्याला ११ तास लागले. ते कमी वाटतील, पण त्यातला बराच वेळ मापे बदलण्यात गेला, आणि या मापांविषयी थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे.

हॅमरमध्ये लांबी युनिटांत मोजतात. त्यातला खेळाडू ७२ युनिट उंच आणि ३२ युनिट रुंद असतो, आणि इमारतींसाठी साधारणपणे १६ युनिट म्हणजे एक फूट असे धरतात. आमच्या चाळीची गॅलरी चार फुटांची होती. ती जशीच्या तशी बांधली तर ६४ युनिट होते, म्हणजे समोरासमोर आलेले दोन खेळाडू अंग घासून जातात आणि तिसऱ्याला जागाच राहत नाही. खऱ्या चाळीत आपण बाजूला होतो, कुणाच्या तरी उंबऱ्यावर पाय ठेवतो, बादली उचलून घेतो. खेळात तसे करता येत नाही. शेवटी गॅलरी १२८ युनिटांची, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट केली, आणि आश्चर्य असे की पडद्यावर ती तरीही अरुंदच वाटते. जिन्याचेही तसेच. चाळीचा लाकडी जिना इतका उभा असे की उतरताना दोरी धरावी लागे. खेळाडू १८ युनिटांपर्यंतची पायरी आपोआप चढतो, पण प्रत्येक पायरीला कॅमेरा हिसके देतो, म्हणून पायऱ्यांवर न दिसणारा तिरका ठोकळा, म्हणजे ‘क्लिप’, घालतात आणि तो उतार पंचेचाळीस अंशांच्या आत असावा लागतो. मी पायरी ८ युनिट उंच आणि १२ युनिट खोल ठेवली. जिना लांबला, त्यामुळे त्याच्या शेजारची खोली गेली, आणि ती खोली गेल्यामुळे छापखान्याची मागची भिंत सरकली. एका जिन्यामागे दोन संध्याकाळी गेल्या.

त्यानंतर ग्रेबॉक्स, म्हणजे रंगरंगोटीशिवाय नुसत्या करड्या भिंतींचा सांगाडा. हे काम हॅमरमध्ये खरोखर सुखाचे आहे. २७ तासांत चाळ उभी राहिली, तिच्यातून मला धावता येऊ लागले, आणि झाले एकदाचे असे वाटले. ‘दोन दिवसांत स्वतःचा मॅप’ असे सांगणारा एक सशुल्क व्हिडिओ-वर्ग मी सुरुवातीला घेतला होता, तो नेमका येथे येऊन थांबतो. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण दोन दिवसांत असा सांगाडा उभा राहू शकतो हे खरेच आहे. पण ज्याला मॅप म्हणावे, म्हणजे ज्यावर दहा माणसे एकदा खेळतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतील, त्याचे काम येथून सुरू होते, आणि हे त्या वर्गात कोणी उच्चारलेही नाही याचा मला आजही राग आहे.

वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा ११८ आहे. इतके तास प्लेटेस्ट, म्हणजे माणसे जमवून खेळून पाहण्याच्या चाचण्या, आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांत गेले. दादरच्या एका कॅफेत बुधवारी रात्री आम्ही जमत असू. एकूण चौदा चाचण्या झाल्या. पहिल्या दोन चाचण्यांना सहाच जण आले, कारण एकाची रात्रपाळी, एकाची कल्याणची शेवटची गाडी आणि बाकीच्यांचे घर. मुंबईत दहा माणसांना एका वेळी एका ठिकाणी आणणे हे मॅप बनवण्याच्या कामातले सर्वांत अवघड काम आहे असे मी ठाम सांगतो, आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्यात मदत करू शकत नाही. शिवाय त्या मित्रांचे तास माझ्या ३२७ मध्ये धरलेले नाहीत. ते धरले तर आणखी दोनशेहून अधिक होतील.

चाचणीत काय कळते याचे एकच उदाहरण देतो. चौकापासून छापखान्यापर्यंत बाहेरून वळसा घालून जायला ५,४०० युनिट अंतर होते. एम४ए४ ही रायफल हातात घेतलेला खेळाडू सेकंदाला २२५ युनिट धावतो, म्हणजे २४ सेकंद. बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो आणि किट नसेल तर तो निकामी करायला १० सेकंद लागतात. कागदावर सहा सेकंद हातात उरत होते, तेवढे पुरतील असे मी समजलो. प्रत्यक्षात कोणीही २४ सेकंदांत पोहोचला नाही, कारण प्रत्येक कोपऱ्यावर माणूस थांबून डोकावतोच, आणि तीस सेकंद सहज होतात. परिणामी छापखान्यात एकदा बॉम्ब ठेवला की बचाव करणारे धावायचा प्रयत्नच सोडून देत आणि पुढच्या फेरीसाठी बंदुका वाचवत बसत. संडासांच्या मागून एक वाट उघडली, अंतर ३,६०० युनिट म्हणजे १६ सेकंदांवर आणले, तेव्हा कुठे छापखान्यात झुंज दिसू लागली. हिशेब मी आधीच करू शकलो असतो हे खरे, पण डोकावण्याचे सहा सेकंद कोणत्याही हिशेबात आले नसते.

याहून मोठी अडचण चाळीच्या मूळ रचनेतच होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अख्खा चौक दिसतो. आमच्या आजीला त्यामुळेच कोण कधी आले ते कळत असे. एडब्ल्यूपी ही लांब पल्ल्याची दुर्बिणीची रायफल घेतलेला एक खेळाडू तेथे उभा राहिला की चौकात कोणी पाऊल टाकू शकत नसे. मी गॅलरीत भिंती घातल्या, तर चाळ चाळीसारखी दिसेना. दोऱ्यांवर साड्या वाळत घातल्या, तर गोळ्या त्यांतून पार जात आणि खेळाडू वैतागत. तीन चाचण्या अशाच वाया गेल्या. सप्टेंबरात गणपतीचे दहा दिवस कोणी मोकळे नव्हते, म्हणून चाचण्याही बंद होत्या. मी गिरगावात आरतीला गेलो होतो. पावसासाठी चौकावर पत्र्याचा मांडव घातला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहताना मला फक्त पत्रे दिसत होते, माणसांचा नुसता आवाज येत होता. घरी येऊन त्याच रात्री दीड तासात मॅपच्या चौकावर मांडव घातला. वरच्याला खालचे पाय ऐकू येतात पण दिसत नाहीत, खालच्याला वरचा दिसत नाही, आणि मांडवाच्या दोन टोकांना उघडे राहिलेले तुकडे हेच लढण्याचे ठिकाण झाले. त्यानंतर कोणीही तिसऱ्या मजल्याबद्दल तक्रार केली नाही.

सजावटीला १३४ तास लागले आणि त्यातले चाळीसेक माझ्या उतावीळपणाचे आहेत. चाचण्या अर्ध्यावर असतानाच मी गॅलरीच्या कठड्याचे नक्षीदार गज बनवायला घेतले होते. पुढे त्या गजांमधून पलीकडचा खेळाडू दिसतो आणि मारताही येतो असे लक्षात आल्यावर कठड्याला खालून पत्रे ठोकावे लागले, आणि ते गज त्यामागे कायमचे लपले. कोणी हे वाचून मॅप बनवायला बसणार असेल, तर शेवटच्या दोन चाचण्यांत एकही भिंत हलली नाही अशी वेळ येईपर्यंत रंगाला हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रकाशयोजना आणि खेळाचा वेग सुधारणे यांना ३१ तास लागले. प्रकाश बेक करण्याचे, म्हणजे उजेड-सावल्या आधीच मोजून मॅपमध्ये साठवण्याचे, काम ग्राफिक्स कार्डावर पडते आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणे, जमणारे कार्ड असेल तर ते फार लवकर होते. माझ्या यंत्रावर अंतिम बेकला पंधरा-सोळा मिनिटे लागत, आणि नुसते चालून पाहण्यासाठीचे कच्चे संकलन, म्हणजे मॅप खेळता येईल अशा रूपात आणणे, दोन मिनिटांत होई. जुन्या हॅमरच्या काळात मोठा मॅप रात्री लावून झोपावे लागे, त्यामानाने हे फारच सुसह्य आहे. खेळाडूंनी बनवलेले मॅप जेथे मिळतात त्या वर्कशॉपवर चढवणे, चित्रे, वर्णन यांत उरलेले सहा तास गेले.

दुसरी साधने नाहीत असे नाही. हेलो ३ बरोबर २००७ मध्ये आलेल्या फोर्जने खेळाच्या आतच मॅप रचायची सोय दिली, आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या फोर्टनाइटच्या अनरिअल एडिटरमध्ये तयार वस्तूंचा साठा इतका आहे की एका शनिवारी खेळता येईल असे बेट उभे राहते. ज्याला मित्रांसोबत एक संध्याकाळ मजा करायची आहे त्याने खुशाल तिकडे जावे. चौकातली एक भिंत आठ युनिट सरकवून तिचा परिणाम पुढच्या बुधवारी पाहण्यात ज्याला आनंद आहे, त्याने हॅमर घ्यावा. भिंत सरकवणे या साधनात इतके सोपे आहे की चूक मान्य करायला जड जात नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. पूर्वी मांडव घालायला मला आठवडा लागला असता, आणि कदाचित मी तो घातलाही नसता.

जानेवारीत मॅप पुरा झाल्यावर आईला दाखवला. तिने चौक पाहिला, मांडव पाहिला, संडासांकडे जाणारी वाट पाहून हसली, आणि म्हणाली, “अरे, नळ डावीकडे कुठे होता? जिन्याच्या उजवीकडे होता, म्हणून तर सकाळी रांग जिन्यावर यायची.” नळ उजवीकडे हलवायला वीस मिनिटे लागली, त्यातली पंधरा प्रकाश पुन्हा बेक होण्यात गेली.